प्राणिसंग्रहालयात जन्मणारं हत्तीचं पिल्लू: गाभण हत्तिणीपासून पिल्लाच्या आठव्या वर्षापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

हत्तीण व्याली की पहिले दोन-तीन दिवस सगळी यंत्रणा हत्तीखान्यात उभी असते. मग गर्दी ओसरते. पिल्लू दीड-दोन वर्षांचं होऊन खऱ्या धोक्याच्या वयात येतं, तेव्हा मात्र 'मस्त खेळतंय की' म्हणून हर्पीस या जीवघेण्या विषाणूसाठीची आठवड्याची रक्ततपासणी टळू लागते. उलट हत्तिणीला कासेला हात लावू देण्याची सवय, जमिनीवर वाळू, साठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव) ही जन्माआधीची कामं जन्मानंतर धावपळीत सुरू होतात. पिल्लं दगावण्यामागे हा उलटा क्रम बरेचदा असतो, म्हणून पुढचं सगळं क्रमाने दिलं आहे.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतले हत्ती कॅम्पांत आणि पुनर्वसन केंद्रांत हलवायला सांगितलं. त्यामुळे बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टासारखी मोठी उद्यानं सोडली तर माणसाच्या ताब्यातल्या हत्तिणी आता मुख्यतः वनखात्याच्या कॅम्पांत वितात. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातला कमलापूरचा कॅम्प तसा आहे. जागा कुठलीही असो, टप्पे हेच. सगळी माहिती आशियाई हत्तीची आहे. आफ्रिकी हत्तीला ती जशीच्या तशी लावू नका.

## टप्पा १: हत्तीण लावण्याआधी

तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील तर नर सोडू नका.

वय. पहिलं वेत विशीच्या आत झालेलं बरं. एकदाही न व्यालेल्या हत्तिणीच्या गर्भाशयात वय वाढेल तशा गाठी होतात, आणि तिशीच्या आसपासची पहिलटकरीण अडण्याचा धोका मोठा असतो.

सोबत. कळपात किमान एक तरी व्यालेली, शांत हत्तीण हवी. जिने आयुष्यात कधी पिल्लू जन्मताना पाहिलेलं नाही, ती स्वतःच्या पिल्लाला घाबरून लाथ मारू शकते. एकटीच ठेवलेली हत्तीण गाभण करणं हा अगदी पहिल्याच पायरीवरचा चुकीचा निर्णय आहे.

नराची जागा. जन्मणाऱ्यांत साधारण निम्मे नर असतात. हा नर दहा वर्षांचा झाल्यावर कुठे राहील? मजबूत कुंपणाचा वेगळा वाडा, माजाच्या दिवसांत हाताळू शकणारे माहूत आणि त्यासाठीचा पैसा आज ठरलेला नसेल, तर पुढे तो नर साखळीवर उभा राहून आयुष्य काढतो.

युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांच्या नोंदींवरून २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, तिथे जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं मध्यक आयुष्य (निम्म्या हत्तिणी ज्या वयापर्यंत जगल्या ते वय) १८.९ वर्षं निघालं. म्यानमारच्या लाकूड ओढणाऱ्या, तिथेच जन्मलेल्या हत्तिणींचं ४१.७ वर्षं. शिवाय प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या हत्तिणी जंगलातून आणलेल्यांपेक्षाही लवकर मेल्या. म्हणजे आयुष्याचं नुकसान गर्भात किंवा बालपणीच सुरू होतं. पुढचे सगळे टप्पे त्या काळाचे आहेत.

हत्तिणीचं ऋतुचक्र १३ ते १७ आठवड्यांचं असतं, म्हणजे वर्षात संधी तीन-चारच. दर आठवड्याला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासलं तर चक्र कळतं. नर सोडल्याची प्रत्येक तारीख नोंदवहीत लिहा. ही तारीख हरवली की बावीस महिन्यांनी सगळे अंदाजपंचे रात्री जागतात.

## टप्पा २: गाभणपणाचे २१-२२ महिने

गर्भ साधारण ६४० ते ६६० दिवस वाढतो. या काळात खाणं, चालणं आणि शिकवणं ही तीन कामं.

खाणं. मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे १५० ते २०० किलो हिरवा आणि वाळका चारा पुरतो. 'दोन जिवांची आहे' म्हणून गूळ, केळी, भाताचे गोळे, चपात्या वाढवू नका. लठ्ठ हत्तिणीच्या कळा कमजोर पडतात, पिल्लू मोठं होतं आणि अडतं. लोकांनी श्रद्धेने आणलेला गूळही याच हिशेबात धरा. खनिज मिश्रण आणि कॅल्शियम पशुवैद्यकाने चाऱ्याचा प्रकार पाहून ठरवावं. ऊस आणि भाताचा पेंढा यांवरच ठेवलेल्या हत्तिणीत कमतरता लवकर येते.

चालणं. रोज काही किलोमीटर, मातीवर, शक्यतो चढउतारावर, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. पोटाचे स्नायू सैल पडलेली हत्तीण जोर देऊ शकत नाही. दिवसभर काँक्रीटवर बांधलेली गाभण हत्तीण पुढे अडली, तर ती कळा सुरू झाल्यावर अडलेली नसते. महिनोन्महिने अडत आलेली असते.

शिकवणं. खालच्या गोष्टी हत्तिणीने खाऊच्या बदल्यात, शांतपणे, ओळखीच्या दोन-तीन माणसांसमोर करायला हव्यात:

१. कानामागच्या शिरेतून रक्त काढू देणं.
२. पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकून स्थिर उभं राहणं. हत्तिणीची कास पुढच्या दोन पायांच्या मध्ये असते. पाय पुढे आला की पिल्लाला सड सापडतो.
३. कासेला हात लावू देणं, सड पिळू देणं.
४. गुदद्वारातून सोनोग्राफी आणि सलाईन देऊ देणं.
५. सोंडेत पाणी घेऊन पिशवीत सोडणं. क्षयरोगाच्या तपासणीसाठी हा नमुना तीन वेगवेगळ्या दिवशी घेतात.

यांतली तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. कासेला कधी माणसाचा हात न लागलेली हत्तीण कळांनी दुखावलेल्या रात्री तो लावू देणार नाही, आणि मग चीक काढायचा मार्गच उरत नाही.

> सावधान: क्षयरोग माणसाकडून हत्तीला लागतो. माहूत, चाराकटर आणि हत्तीखान्यात झोपणारा प्रत्येक माणूस यांची दरवर्षी तपासणी करा. खोकला असलेला माणूस गाभण हत्तिणीजवळ किंवा पिल्लाजवळ नको. अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात १९६२ मध्ये जन्मलेल्या पॅकी या प्रसिद्ध हत्तीला २०१७ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगामुळेच दयामरण द्यावं लागलं.

धनुर्वाताची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने शेवटच्या काही आठवड्यांत द्या.

## टप्पा ३: बाळंतघर, अपेक्षित तारखेआधी तीन महिने

जागा आधी तयार करा, म्हणजे हत्तीण तिथे रुळेल. नव्या जागेत कळा आल्या तर ती बिथरते.

जमिनीवर निदान एक फूट जाड, कोरडी वाळू हवी. पिल्लू ओल्या फरशीवर घसरतं, मागचे पाय फाकतात आणि सांध्याला इजा होते. कुंपणाच्या दांड्यांमधली फट २० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मोठ्या हत्तीसाठी केलेल्या कुंपणातून पिल्लू सरळ बाहेर येतं. कोरडे खंदक बंद करा. पाण्याची टाकी रिकामी ठेवा किंवा गुडघाभर पाण्यापुरतीच भरा. थंडीच्या दिवसांत गरम दिव्यांची सोय करा, आणि झोत पिल्लाच्या अंगावर थेट न येईल इतके ते उंच बांधा.

एका पेटीत हे भरून ठेवा: स्वच्छ टॉवेल (वीसेक तरी), नाळेसाठी ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक), निर्जंतुक दोरा, नाकातोंडातला चिकटा ओढायचं उपकरण, ऑक्सिजन, दोर आणि पट्टा (पिल्लू बाजूला ओढायला), बाटल्या आणि लांब निपल, थर्मामीटर, टॉर्च. किमान १५० किलो तोलणारा सपाट वजनकाटा बाहेर मांडून ठेवा.

> तपासा: त्याच कळपातल्या निरोगी मोठ्या हत्तीचा प्लाझ्मा काढून गोठवून ठेवला आहे का? पिल्लाला चीक मिळाला नाही तर पहिल्या २४ तासांत हाच प्लाझ्मा तोंडाने देता येतो, आणि पुढे हर्पीस झाला (टप्पा ८ पाहा) तर शिरेतून. नसेल तर उरलेली सगळी कामं बाजूला ठेवून आधी हे करा.

## टप्पा ४: कळा

शेवटच्या महिन्यात रोज एकाच वेळी रक्त काढून प्रोजेस्टेरॉन पाहा. ते तळाला गेलं की साधारण दोन ते पाच दिवसांत हत्तीण विते. इतका नेमका इशारा दुसरा नाही. कास भरणं, सडातून थेंब येणं, अस्वस्थता ही लक्षणं काही आठवडे आधीही दिसतात. त्यांवर विसंबून लोक दहा रात्री जागतात आणि अकराव्या रात्री झोपी जातात.

इशारा मिळाल्यावर हत्तीखाना शांत करा. आत दोन ओळखीची माणसं, बाकी सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर. सवंगडी हत्तिणी दिसतील, सोंड पोहोचेल इतक्या अंतरावर असू द्या. शांत आणि अनुभवी असतील तर मोकळ्या सोबतच ठेवा.

कळांत हत्तीण शेपटी आपटते, मागचे पाय ताणते, खाली बसून उठते, वारंवार थोडी थोडी लघवी करते. शेवटी शेपटीखाली मोठा फुगवटा उतरतो. फुगवटा आला की पिल्लू जवळ आहे. मागचे पाय आधी दिसले तर घाबरू नका, हत्तीत तेही नेहमीचंच.

घाई कुठे घात करते. कळा थांबल्यासारख्या वाटल्या की कोणीतरी ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं संप्रेरक) टोचायला सांगतं. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं आहे आणि पिल्लू सरळ आहे, हे सोनोग्राफीत दिसल्याशिवाय ते देऊ नका. गर्भाशय फाटू शकतं. आधी रक्तातलं कॅल्शियम पाहा, कमी असेल तर ते भरून काढा. हत्तिणीचं पोट फाडून पिल्लू काढण्याची शस्त्रक्रिया हा व्यवहारात पर्याय नाही. पिल्लू आत मेलं असेल आणि हत्तीण खातपीत असेल, तर कधी कधी थांबणंच सुरक्षित ठरतं. काही हत्तिणींनी मेलेला गर्भ महिनोन्महिने पोटात ठेवून नंतर बाहेर टाकला आहे. हा निर्णय अनुभवी हत्तीवैद्याचाच.

## टप्पा ५: पहिले बारा तास

क्रम मोडू नका.

१. श्वास. पाणमोट तोंडावर असेल आणि आई किंवा मावशी (कळपातली दुसरी हत्तीण) ती काढत नसेल, तर लगेच काढा. नाकातोंड साफ करा. पिल्लू श्वास घेत असेल तर दूर व्हा.

२. आईचा प्रतिसाद. आई पायाने ढकलते, माती उडवते, मोठ्याने ओरडते. पिल्लाला उठवण्यासाठी हलकं ढकलणं वेगळं आणि मारणं वेगळं. कान ताठ, डोकं वर आणि पाय उचलून आदळणं दिसलं तर पिल्लू पट्ट्याने तिच्या टप्प्याबाहेर ओढा. नजरेआड मात्र करू नका. पुसून, तिच्यासमोरच ठेवून, ती शांत झाली की परत द्या. काही मिनिटं, मग पुन्हा. या कामाला कितीही तास लागोत. 'उद्या सकाळी बघू' म्हणून पिल्लू दुसऱ्या खोलीत नेलं की परत जुळणं अवघड होतं.

३. उभं राहणं. बहुतेक पिल्लं अर्ध्या ते दोन तासांत उभी राहतात. धरून उभं करायची घाई नको; घसरत असेल तर वाळू टाका.

४. नाळ. रक्त येत असेल तर बांधा, नाही तर फक्त क्लोरहेक्सिडीनमध्ये बुडवा. पुढचे काही दिवस दिवसातून दोन-तीनदा हेच.

५. वजन. आई देत असेल तेव्हा. ८० ते १२० किलो नेहमीचं. पहिला आकडा मिळाला नाही तर पुढची तुलनाच करता येत नाही.

६. चीक. पिल्लू सोंडेने पीत नाही. सोंड कपाळावर मागे टाकून तोंडाने सड धरतं. पहिल्या तासांत ते मागच्या पायांत, भिंतीत, कुठेही चोखत फिरतं. आईला पुढचा पाय पुढे टाकायला सांगा, तिला चारा द्या, पिल्लाला खांद्याने हळूच दिशा दाखवा. बारा तासांत घोट गिळल्याचं डोळ्यांनी दिसलं नाही, तर चीक पिळून बाटलीने द्या आणि गोठवलेला प्लाझ्मा बाहेर काढा.

७. वार. पडल्यावर पसरून ती पूर्ण आहे का पाहा, वजन करा, तुकडा तपासणीला पाठवा. दुसऱ्या दिवशीही पडली नाही तर आईचा ताप आणि स्राव पाहणं सुरू करा. ओढून काढू नका.

> सावधान: सड चोखल्याचा आवाज म्हणजे दूध नाही. गिळताना घशाची हालचाल दिसते, ती पाहा. चोखलं पण पान्हा फुटलाच नाही, अशी पिल्लं तिसऱ्या दिवशी कोलमडतात.

पहिली काळी चिकट लीद २४ तासांत पडली का, लघवी झाली का, हे लिहा.

## टप्पा ६: बाटली, अगदी नाइलाज असेल तरच

आई मेली किंवा दूध नाही, तरच. आधी कळपात दुसरी दुधाळ हत्तीण आहे का पाहा, मावशा पाजतात.

गाईचं किंवा म्हशीचं दूध नको. त्यातली चरबी पिल्लाला पचत नाही, हागवण लागते आणि दोन दिवसांत पिल्लू सुकतं. माणसाच्या तान्ह्या बाळासाठीची दूधपावडर हा भारतातल्या पुनर्वसन केंद्रांत वापरला जाणारा आधार आहे. सुरुवात पातळ ठेवा आणि तीन-चार दिवसांत हळूहळू पूर्ण दाटपणावर या. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. दिवसाचं एकूण दूध साधारण शरीराच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे १०० किलोच्या पिल्लाला १० लिटर. वजनाकडे पाहून वाढवा. दूध कोमट, ३७ अंशांच्या आसपास.

पाजताना पिल्लू उभंच हवं. सोंड टेकवायला समोर जाड घोंगडी टांगा. सोंडेला टेकायला काही नसेल तर पिल्लू नीट पीत नाही. निपलचं भोक मोठं करू नका, दूध फुप्फुसात जातं. कॅल्शियम आणि खनिजांकडे दुर्लक्ष झालं तर काही महिन्यांत पाय वाकतात. बाटलीवरच्या आशियाई पिल्लांत हाडं ठिसूळ होण्याचा प्रकार ओळखीचा आहे. पिल्लू रात्रंदिवस एकटं ठेवू नका. शेजारी माणूस झोपू द्या आणि दिवसा मोठ्या हत्तींजवळ न्या.

## टप्पा ७: पहिलं वर्ष

वजन पहिला महिना रोज, नंतर आठवड्याला. दिवसाला अर्धा ते एक किलो वाढ ठीक. सलग तीन दिवस वाढ शून्य असेल तर पिल्लू हसतंखेळतं दिसलं तरी आईचं दूध तपासा.

लीद पडल्या पडल्या गोळ्याच्या मध्यभागी थर्मामीटर खुपसून ताप घ्या. ३६ ते ३७ अंश हा नेहमीचा आकडा. रोज घ्या, म्हणजे त्या पिल्लाचा स्वतःचा नेहमीचा आकडा कळतो.

पिल्लू आईची लीद खातं. खाऊ द्या. चारा पचवणारे जीवाणू त्याच्या आतड्यात असेच पोहोचतात. हत्तीखाना दिवसातून चार वेळा धुऊन लख्ख ठेवणाऱ्या ठिकाणी हे तुटतं. आईची ताजी लीद थोडी मागे ठेवत चला. आईची जंताची तपासणी मात्र चुकवू नका.

तीन-चार महिन्यांपर्यंत सोंड नुसती लोंबते, पिल्लू ती पायाखालीही तुडवतं. मग काड्या उचलू लागतं आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास मऊ गवत खरंच खातं. या वयात लोकांना पिल्लाशी खेळू देऊ नका. माणसाला ढकलायचा खेळ शंभर किलोच्या पिल्लाला गोड दिसतो. हजार किलोच्या पिल्लाची तीच सवय माहुताच्या बरगड्या मोडते.

सहाव्या ते आठव्या महिन्यात कानातून रक्त देणं, तोंड उघडून जीभ दाखवणं आणि गुदद्वारातून पाणी घेणं शिकवायला लागा. पुढचा टप्पा यावरच उभा आहे.

## टप्पा ८: हर्पीस, पहिल्या ते आठव्या वर्षापर्यंत

माणसाच्या ताब्यातल्या आशियाई पिल्लांचा सर्वांत मोठा मारेकरी म्हणजे हत्तींचा एंडोथेलिओट्रॉपिक हर्पीस विषाणू, ईईएचव्ही. मोठे हत्ती तो अंगात बाळगतात आणि ठणठणीत असतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरली की पिल्लू उघडं पडतं. विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो, रक्त झिरपतं आणि हृदय बंद पडतं. लक्षणं दिसल्यापासून मरणापर्यंत बरेचदा एक-दोन दिवसच मिळतात. जंगलातल्या पिल्लांतही हा रोग आढळला आहे, तेव्हा 'आमचा कॅम्प जंगलातच आहे' हे कवच मानू नका.

म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही:

१. पहिल्या वाढदिवसाच्या आधीपासून आठ वर्षांपर्यंत दर आठवड्याला रक्त. पीसीआर चाचणीत (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधी सापडतो. पीसीआरची प्रयोगशाळा आधीच ठरवून ठेवा, नमुना नेणारा माणूसही.

२. सोबत रक्तपेशींची मोजणी. मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरले तर अहवालाची वाट न पाहता धावपळ सुरू करा.

३. रोज सकाळी जीभ पाहा. गुलाबी हवी. जांभळट डाग, डोकं किंवा सोंड सुजणं, लंगडणं, दूध कमी पिणं, दुपारी न झोपणं, यांतलं एकही दिसलं तरी त्याच तासाला डॉक्टर.

४. विषाणू वाढतोय असं दिसताच विषाणूरोधक औषध (फॅमसिक्लोव्हिर), गुदद्वारातून भरपूर द्रव आणि साठवलेला प्लाझ्मा. औषधाचा साठा आवारातच हवा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवेपर्यंत उशीर होतो.

अमेरिकेत ह्यूस्टन प्राणिसंग्रहालय आणि बेलर वैद्यकीय महाविद्यालय यांनी तयार केलेली एमआरएनए लस २०२४ मध्ये पहिल्यांदा एका हत्तिणीला दिली गेली. तुमच्या पिल्लासाठी आज तरी आठवड्याचं रक्त हाच मार्ग आहे.

> तपासा: गेल्या चार आठवड्यांचे चार अहवाल नोंदवहीत आहेत का? तीनच असतील तर चौथा का नाही, हे आज विचारा. दूध कमी होताना, जागा बदलताना, कळपातला हत्ती मेल्यावर किंवा नवा आल्यावर तपासणी आठवड्यातून दोनदा करा.

## टप्पा ९: दूध तुटणं, वेगळं होणं, कागद

दूध माणसाने तोडायचं नाही. पिल्लू तीन-चार वर्षांपर्यंत, अनेकदा पुढचं भावंड येईपर्यंत पितं. दोन वर्षांच्या पिल्लाला 'आता चारा खातंय' म्हणून आईपासून बांधून ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्या. तो ताण नेमका हर्पीसच्या वयात पडतो.

मादी पिल्लाला आईपासून कधीच वेगळं करू नका. हलवायची वेळ आली तर मायलेकी एकत्र. तिने आईचं पुढचं बाळंतपण जवळून पाहायला हवं. तिच्या स्वतःच्या पहिल्या वेताची तयारी तिथे होते. नर सात-आठ वर्षांपासून स्वतःच लांब राहू लागतो. तेव्हा त्याला वयाने मोठ्या, शांत नराची सोबत द्या, आणि त्याचा वाडा माजाची पहिली चाहूल लागण्याआधी बांधून तयार असू द्या.

हत्ती वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. जन्माची खबर मुख्य वन्यजीव रक्षकांना लेखी द्या, मायक्रोचिप बसवा, डीएनए नमुना पाठवा. हत्ती हस्तांतराच्या २०२४ च्या नियमांनुसार पुढे पिल्लू हलवताना ही नोंद लागते. सोबत द्यायच्या वहीत जन्मवजन, आईबापांची नावं, प्रत्येक पीसीआर अहवाल, दिलेली औषधं आणि शिकवलेले हुकूम, ते कोणत्या भाषेत शिकवले यासह, लिहिलेले असावेत. हिंदीत शिकलेलं पिल्लू कानडी माहुताच्या हाती गेलं तर पहिला महिना ते रक्तसुद्धा देत नाही. त्या महिन्यात जुना माहूत सोबत पाठवा.